तुमन्त, मस्दर आणि इंग्रजीतील ‘टू’ : परभणी जिल्ह्यातील इंग्रजी व्याकरणाध्यापनाची पूर्वपीठिका

१. प्रश्नाचे स्वरूप

इंग्रजी व्याकरणात ज्यास ‘इन्फिनिटिव्ह’ म्हणतात, त्या क्रियारूपाची ओळख आपल्या शाळांतून एका सुटसुटीत सूत्राने करून दिली जाते. ‘टू’ हा शब्द आणि त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप, असे ते सूत्र होय. मराठीत त्याचा अर्थ ‘-णे’, ‘-ऊ’ किंवा ‘-आयला’ या रूपांनी करावा, एवढे सांगून अध्यापक पुढील धड्याकडे वळतो. विद्यार्थी मात्र तेथेच अडखळतो. ‘कॅन’पुढे ‘टू’ का येत नाही, ‘वाँट’पुढे का येतो, ‘मेक’पुढे कर्तरी रचनेत का गळतो आणि कर्मणि रचनेत का परत येतो, या प्रश्नांना त्या सूत्रात उत्तर नाही. परिणामी विद्यार्थी अपवादांची यादी पाठ करतो, परीक्षेनंतर ती विसरतो, आणि त्याच्या चुकांना बुद्धिमांद्याचे लक्षण मानले जाते.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, या चुका आळसातून किंवा मांद्यातून उत्पन्न होत नाहीत. त्यांना इतिहास आहे. या क्रियारूपाचा विचार करणाऱ्या तीन व्याकरणपरंपरा परभणीसारख्या जिल्ह्यात एकामागून एक अथवा शेजारी शेजारी नांदल्या. एक पुण्या-मुंबईकडून आलेली, युरोपीय साच्यावर बेतलेली; दुसरी पाणिनीय संस्कृत परंपरा; आणि तिसरी हैदराबाद राज्याच्या शाळांतून आलेली अरबी-फारसी-उर्दू परंपरा. प्रत्येकीने या रूपाचे एकेक अंग नेमके पाहिले. परंतु तिन्हींची सांगड कोणी घातली नाही. तशी ती घातली असता इंग्रजीचे हे प्रकरण मराठी विद्यार्थ्यास वाटते तितके परके राहत नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. युरोपीय साचा आणि मराठी क्रियापद

आपल्या बाजूच्या भाषांची व्याकरणे छापील स्वरूपात प्रथम लिहिली ती युरोपीय मिशनऱ्यांनी. फादर स्टीफन्स यांचे कोंकणी भाषेचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले. मराठीचे एक व्याकरण पोर्तुगीज भाषेत १७७८ मध्ये रोम येथे प्रसिद्ध झाले. पुढे १८०५ मध्ये विल्यम केरी यांचे इंग्रजीत लिहिलेले मराठी व्याकरण श्रीरामपूरहून निघाले. या सर्व ग्रंथकारांच्या मनात लॅटिनचा साचा होता. लॅटिन व्याकरणात ‘इन्फिनिटिव्ह’ हे क्रियापदाच्या रूपावलीतील एक मानाचे स्थान आहे. त्या नावाचा अर्थच ‘मर्यादित न झालेले’ असा आहे; म्हणजे पुरुष आणि वचन यांनी न बांधलेले क्रियारूप.

इंग्रजीच्या शालेय व्याकरणात हाच साचा लिंडले मरे यांनी रूढ केला. त्यांचे इंग्रजी व्याकरण १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ते इंग्रजी शिक्षणाचा आधार होऊन राहिले. मरे यांनी क्रियापदाचे पाच अर्थ मानले असून त्यांत ‘इन्फिनिटिव्ह’ हा एक आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांनी १८३६ मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले तेव्हा त्यांच्यासमोर मरे यांच्या व्याकरणाचा नमुना होता, ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे. पुढील आवृत्त्यांत संस्कृत व्याकरणाचे संस्कार अधिक झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी दादोबांच्या मतांचे परीक्षण करणारे निबंध लिहिले व ते १८९३ मध्ये ग्रंथरूपाने निघाले. आणि १९११ मध्ये मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने या सर्व चर्चेस एक भरीव आकार आला.

या प्रवासात एक लक्षणीय गोष्ट घडली. मराठी व्याकरणात पुढे रूढ झालेले अर्थ चार : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. मरे यांच्या पाच अर्थांपैकी ‘इन्फिनिटिव्ह’ला यांत जागा उरली नाही. मराठी वैयाकरणांनी त्याची रूपे ‘धातुसाधित’ अथवा ‘कृदन्त’ या प्रकरणात नेऊन ठेवली : ‘-णे’ हे धातुसाधित नाम म्हणून, ‘-ऊ’ हे अव्यय म्हणून आणि ‘-आवयास’ वा ‘-आयला’ हे विभक्तियुक्त कृदन्त म्हणून. मराठीच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता, यात संशय नाही. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, इंग्रजीत जे एक प्रकरण आहे ते मराठीत तीन ठिकाणी विखुरले. आणि विद्यार्थ्याने ते तीन तुकडे एकत्र जोडावेत अशी सोय कोणत्याही पुस्तकात राहिली नाही. वाक्याला वाक्य देऊन शिकवणाऱ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी मुलखाच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या खऱ्या. पण वाक्यांच्या जोड्या पाठ होणे निराळे आणि त्यांमागील व्यवस्था कळणे निराळे.

३. पाणिनीय तुमुन्

संस्कृतात या अर्थाचे रूप ‘-तुम्’ प्रत्ययाने होते : कर्तुम्, गन्तुम्, भोक्तुम्. आपल्या शालेय संस्कृत पुस्तकांतून त्यास ‘हेत्वर्थक धातुसाधित अव्यय’ किंवा ‘तुमन्त’ म्हणतात. पाणिनीने या प्रत्ययाची व्यवस्था एका सूत्रात उरकलेली नाही, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावयास हवे.

अष्टाध्यायीत (३.३.१०) प्रथम हेतूचा अर्थ येतो : एक क्रिया दुसऱ्या क्रियेसाठी केली जात असेल, तर जिच्यासाठी केली जाते त्या क्रियेच्या धातूस तुमुन् लागतो. ‘जेवावयास जातो’ हे त्याचे उदाहरण. इच्छार्थक धातूंच्या योगे होणारा तुमुन् निराळ्या सूत्राने (३.३.१५८) सांगितला असून तेथे एक अट आहे : इच्छा करणारा आणि इच्छिलेली क्रिया करणारा हे एकच असले पाहिजेत. काळ, समय, वेळ या शब्दांच्या योगे (३.३.१६७) ‘जेवण्याची वेळ’ अशा अर्थी तुमुन् होतो. आणि शक्, रभ्, लभ्, अर्ह् इत्यादी धातूंच्या योगे, म्हणजे ‘शकणे’, ‘आरंभणे’, ‘मिळणे’, ‘योग्य असणे’ अशा अर्थी, होणारा तुमुन् चौथ्या स्थळी (३.४.६५) सांगितला आहे. वेदांत या अर्थी अनेक निरनिराळे प्रत्यय होते, याचीही नोंद पाणिनीने केली आहे.

या विभागणीचे मर्म असे की, तुमन्ताचा प्रत्येक उपयोग त्याच्या सोबत येणाऱ्या शब्दावर अवलंबून असतो. ‘टू’ केव्हा येतो, या प्रश्नाचे उत्तर इंग्रजीतही नेमके येथेच आहे : ते तुमन्तात नसून त्याच्या सोबतच्या क्रियापदात आहे. समानकर्तृकत्वाची पाणिनीची अट तर मराठी विद्यार्थ्याच्या एका नित्याच्या चुकीवर थेट प्रकाश टाकते; तिचा विचार पुढे येईल.

ऐतिहासिक व्याकरणाच्या दृष्टीने ‘-तुम्’ हे रूप मुळात ‘-तु’ या क्रियानामाची द्वितीया विभक्ती होय. वेदातील ‘-तवे’ हे रूप त्याच नामाची चतुर्थी. लॅटिनमधील ‘-रे’ या अंताचे तुमन्तही मूळच्या क्रियानामाचे सप्तमीसदृश रूप असावे, असे तुलनात्मक भाषाशास्त्र मानते. म्हणजे या कुळातील भाषांत क्रियेचे नाव कोणत्या ना कोणत्या विभक्तीत गोठले आणि त्यातून तुमन्त निपजले. हा सिद्धान्त ध्यानात ठेवला असता पुढील सर्व विवेचन सुलभ होते.

४. मराठीतील तीन रूपे

मराठीत या वारशाच्या तीन शाखा दिसतात. ‘करूं’, ‘जाऊं’ या रूपातील ‘-ऊं’ हा सामान्यतः प्राकृत-अपभ्रंशातून आलेला ‘-तुम्’चा वंशज मानला जातो. जुन्या लेखनातील त्याच्यावरचा अनुस्वार म्हणजे मूळच्या ‘म्’ची अखेरची खूण होती, १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि ती खूणही लेखनातून पुसली गेली. ‘करणे’ हे दुसरे रूप ‘-अन’ या क्रियानामाच्या प्रत्ययापासून, म्हणजे ‘करणम्’ या जातीच्या शब्दापासून आले. ते नपुंसकलिंगी नाम आहे, त्यास सर्व विभक्ती लागतात आणि कोशात क्रियापदाची नोंद याच रूपाने करतात. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशातही तसेच आहे. तिसरे रूप ‘करावयास’, त्याचेच बोलीतील ‘करायला’. याचे मूळ ‘-तव्य’ प्रत्ययात, म्हणजे ‘कर्तव्य’ या जातीच्या शब्दात असून त्याच्या सामान्यरूपास चतुर्थीचा ‘-स’ किंवा ‘-ला’ लागला आहे. लीळाचरित्राच्या गद्यात आणि ज्ञानेश्वरीत ‘-ऊं’ व ‘-आवया’ या दोन्ही जातींची रूपे आहेत. म्हणजे किमान तेराव्या शतकापासून मराठीत ही व्यवस्था सिद्ध आहे.

या तिन्हींतील भेद किती अर्थपूर्ण आहे, हे एका जोडीवरून कळते. ‘त्याला खाऊ दे’ आणि ‘त्याला खायला दे’ ही दोन वाक्ये कोणतेही मराठी मूल अचूक वापरते. पहिल्यात परवानगी आहे. दुसऱ्यात खाण्यासाठी काही तरी देणे आहे. पहिल्याचे इंग्रजी ‘लेट हिम ईट’, दुसऱ्याचे ‘गिव्ह हिम समथिंग टू ईट’. पहिल्यात ‘टू’ नाही, दुसऱ्यात आहे. हा भेद इंग्रजीत शिकवावा लागतो. मराठीत तो मुलाला घरीच येतो.

५. परभणीत आलेला मस्दर

परभणी हा हैदराबाद राज्याच्या औरंगाबाद सुभ्यातील जिल्हा. १८८४ च्या सुमारास राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि पुढे सरकारी माध्यमिक शिक्षणही बहुतांशी उर्दूतून होऊ लागले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूचा स्वीकार केला. इंग्रजी हा विषय तेथे अनिवार्य होता. त्यामुळे जिंतूर, पाथरी किंवा गंगाखेडकडील जो मराठी मुलगा सरकारी शाळेतून वरच्या इयत्तांपर्यंत पोहोचे, त्याच्यापुढे इंग्रजी व्याकरण येई ते उर्दूच्या द्वारे. घरी मराठी, शाळेत उर्दू आणि विषय इंग्रजी, अशी ही तिहेरी रचना होती.

उर्दू व्याकरणाची परिभाषा अरबीतून आलेली. तीत या रूपाचे नाव ‘मस्दर’, म्हणजे उगमस्थान. क्रियेचे शुद्ध नाव तेच मूळ, आणि काळ-पुरुषाची सर्व रूपे त्यातून निघालेली, असा या नावामागचा विचार आहे. अरबी वैयाकरणांत यावर मोठा वाद झाला होता. बसरा येथील पंथ मस्दरास मूळ मानी, तर कूफा येथील पंथ क्रियापदास. आपल्याकडे निरुक्तात, सर्व नामे आख्यातापासून निघाली असे म्हणणारा शाकटायन आणि तसे न मानणारा गार्ग्य यांचा जो वाद नोंदलेला आहे, त्याची येथे आठवण होते. दोन दूरच्या संस्कृतींत एकाच प्रश्नावर विद्वान भांडले, यावरून त्या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात यावे.

मकतबांतून फारसीचा आरंभ ‘आमदनामा’ या छोट्या पुस्तकाने होत असे. ‘आमदन’ म्हणजे येणे. या मस्दरापासून सुरुवात करून एकेका क्रियापदाची रूपे मुले घोकून पाठ करीत. फारसीत पूर्ण मस्दर ‘-दन’ किंवा ‘-तन’ असा असतो : कर्दन, रफ्तन. परंतु काही क्रियापदांच्या सोबतीने त्याचा अंत गळतो; ‘जाईन’ या अर्थी ‘ख्वाहम रफ्त’ असे म्हणतात. यास छाटलेला मस्दर म्हणत. म्हणजे पूर्ण आणि छाटलेले असे तुमन्ताचे दोन प्रकार असतात आणि त्यांची निवड सोबतचे क्रियापद करते, हे तत्त्व ‘आमदनामा’ शिकलेल्या मुलास इंग्रजीपूर्वीच परिचित होते. ‘विल गो’ आणि ‘टू गो’ यांतील भेद त्याला नवा नव्हता.

उर्दूतही ही निवड स्पष्ट दिसते : ‘जाना चाहता है’, ‘जाने लगा’, ‘जाने दो’, ‘जा सकता है’. चाहण्यासोबत सरळ मस्दर, लागणे व देणे यांच्यासोबत त्याचे सामान्यरूप आणि शकण्यासोबत नुसता धातू. मराठीत मात्र ‘जाऊ इच्छितो’, ‘जाऊ लागला’, ‘जाऊ दे’, ‘जाऊ शकतो’ असे चारही ठिकाणी एकच रूप येते. ‘कॅन’पुढे नुसता धातू येतो, हे सांगण्यास उर्दूचे ‘जा सकता है’ हे मराठीपेक्षा जवळचे साधन होते, हे मान्य करावयास हवे.

उर्दू व्याकरणाची ही बैठक मराठवाड्याच्या भूमीतच घट्ट झाली. मौलवी अब्दुल हक (१८७०–१९६१) यांचे ‘कवाइद-ए-उर्दू’ हे व्याकरण १९१४ चे. त्यांच्या नेतृत्वाखालील अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेची कचेरी सुमारे पाव शतक औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होती, आणि १९३७ चा त्यांचा इंग्रजी-उर्दू कोश याच संस्थेने काढला. मराठीवरील फारसीच्या प्रभावाविषयीही त्यांनी पुस्तक लिहिले होते.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मराठी मुलांना मराठीतून शिक्षण मिळू लागले. हा न्याय फार पूर्वीच व्हावयास हवा होता; मातृभाषेवाचून झालेल्या शिक्षणाने या भागातील किती पिढ्यांची वाट अडवली, याची गणती करणे कठीण आहे. मात्र माध्यम बदलले तेव्हा त्यासोबत मस्दराची सर्व परिभाषाही एकाएकी गेली, आणि तिच्यात अध्यापनोपयोगी जे होते ते मराठीत उतरवून घेण्याचे काम राहूनच गेले.

६. इंग्रजीतील ‘टू’चा इतिहास

आता प्रत्यक्ष इंग्रजीकडे वळू. प्राचीन इंग्रजीत, म्हणजे स्थूलमानाने अकराव्या शतकापर्यंत, तुमन्ताची दोन रूपे होती. एक ‘-अन्’ अंताचे, उदाहरणार्थ ‘सिङ्गन्’, म्हणजे गाणे किंवा गाऊ. त्याच्यापूर्वी ‘टो’ येत नसे. दुसरे ‘टो सिङ्गेन्ने’, म्हणजे गावयास. यात ‘टो’ हे शब्दयोगी असून ‘कडे’, ‘प्रत’ असा त्याचा अर्थ होता, आणि ‘-एन्ने’ हा चतुर्थीचा अंत होता. आपले ‘गावयास’ हे रूप ज्या रीतीने घडले आहे, त्याच रीतीने हे घडले आहे : क्रियेचे नाव, त्यास चतुर्थी, आणि अर्थ हेतूचा.

पुढील चार-पाच शतकांत इंग्रजीचे अंत झिजले. ‘-अन्’ गेला, ‘-एन्ने’ गेला. दोन्ही रूपांचे अवशेष सारखेच दिसू लागले आणि त्यांच्यातील भेद दाखवण्याचे काम एकट्या ‘टू’वर येऊन पडले. हेतू दाखवणारा शब्द अशा रीतीने तुमन्ताची खूण बनला आणि हळूहळू कर्ता, कर्म अशा नामाच्या स्थानीही येऊ लागला. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’, ‘विल’ यांच्यासोबत प्रथमपासून ‘-अन्’चे रूप येत असे, म्हणून त्यांच्यापुढे आजही ‘टू’ येत नाही. तो गळला आहे असे आपण शिकवतो, वस्तुतः तो तेथे कधी आलाच नव्हता.

‘मेक’ची कथा निराळी आहे. त्याच्यापुढे दीर्घकाळ दोन्ही रचना चालत. १६११ च्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात ‘मेक’नंतर ‘टू’ आलेला आढळतो. आधुनिक इंग्रजीने कर्तरी रचनेत तो टाकला आणि कर्मणि रचनेत राखला. आजच्या विद्यार्थ्याची ‘ही मेड मी टू सिट’ ही चूक चारशे वर्षांपूर्वी चूक नव्हती.

‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, हा दंडकही असाच उत्तरकालीन आहे. १८६४ मध्ये हेन्री आल्फर्ड यांनी त्या रचनेविरुद्ध लिहिले आणि पुढे शालेय पुस्तकांनी तो नियम उचलून धरला. कर्तुम् हा एक अखंड शब्द आहे, त्यात काही घालता येत नाही. परंतु ‘टू’ हा मुळात सुटा शब्द आहे, हे इतिहास जाणणारा विसरणार नाही.

७. चुकांची उपपत्ती

या पार्श्वभूमीवर विद्यार्थ्यांच्या चार नित्याच्या चुका तपासू.

पहिली, ‘ही मेड मी टू सिट’. मराठीत ‘त्याने मला बसायला लावले’ असे म्हणतात. ‘लावणे’ या क्रियापदास ‘-आयला’ हवे असते. ‘-ला’ म्हणजे ‘टू’ असे शिकवलेला विद्यार्थी ‘टू’ घालणारच.

दुसरी, ‘आय वाँट दॅट ही शुड गो’. ‘त्याने जावे असे मला वाटते’ या वाक्याची ही छाया होय. येथे पाणिनीची अट आठवावी. इच्छिणारा एक आणि जाणारा दुसरा, म्हणून संस्कृतात तुमुन् होत नाही आणि मराठीतही ‘-ऊ’ येत नाही. इंग्रजीने मात्र ही अट मोडली असून ती भिन्न कर्त्याचाही तुमन्त चालवते : ‘आय वाँट हिम टू गो’. विद्यार्थ्याला नियम कळत नाही असे नसून, तो एका अधिक जुन्या नियमाचे पालन करीत असतो.

तिसरी, ‘आय केम फॉर मीटिंग यू’. ‘भेटण्यासाठी’ यातील ‘-साठी’चे ‘फॉर’ होते आणि ‘भेटणे’ या नामाचे ‘मीटिंग’. ‘टू’मध्येच पूर्वीची चतुर्थी दडलेली आहे, म्हणून हेतू सांगण्यास दुसऱ्या शब्दाची गरज नाही, हे त्यास कोणी सांगितलेले नसते.

चौथी याच्या उलट : ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. येथील ‘टू’ हा खरोखरीचा शब्दयोगी आहे, तुमन्ताची खूण नाही. म्हणून त्यापुढे ‘मीटिंग’ हे नामच हवे. एकाच शब्दाचे दोन जन्म वेगळे केल्यावाचून हा भेद समजत नाही.

यात परभणी-नांदेड भागातील बोलीची एक भर आहे. येथे ‘काय करायलास?’ असे विचारतात. ‘तो जायलाय’, ‘ती सैपाक करायलीय’, ‘पोरं खेळायलीत’ असे म्हणतात. ही चालू क्रियेची रूपे आहेत. त्यांत लिंग-वचन बदलते, त्यावरून ‘करायला लागला आहे’, ‘करायला लागली आहे’ यांचा हा संक्षेप असावा, ही उपपत्ती संभवनीय वाटते. आरंभाचा अर्थ झिजून चालू क्रियेचा अर्थ आला, असे मानल्यास क्रमही जुळतो. काहीही असो, या बोलीच्या मुलाच्या कानास ‘जायला’ हे रूप अर्ध्या वेळी ‘टू गो’ असते आणि अर्ध्या वेळी ‘गोइंग’. पुण्यात तयार झालेले ‘-आयला म्हणजे टू’ हे समीकरण त्याच्यापुढे जसेच्या तसे ठेवले तर ते त्याच्या रोजच्या भाषेशी विसंगत ठरते, आणि हा विसंवाद अध्यापकाच्या ध्यानातही येत नाही.

८. समारोप

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आपल्याकडे सर्वत्र वापरले गेलेले रेन आणि मार्टिन यांचे इंग्रजी व्याकरण तुमन्ताचे दोन भेद करते : नामासारखा येणारा साधा आणि हेतू वा विशेषण दाखवणारा दुसरा. हे भेद विद्यार्थ्यांना कृत्रिम वाटतात. परंतु पहिला म्हणजे मस्दर आणि दुसरा म्हणजे पाणिनीच्या हेत्वर्थाचा तुमन्त, असे म्हटले तर ते आपल्याच घरातले ठरतात. मस्दराने क्रियेचे नाव पाहिले, तुमुनाने हेतू पाहिला, आणि मरे यांच्या साच्याने पुरुष-वचनांपासूनची मुक्तता पाहिली. तिन्ही दृष्टी खऱ्या आहेत. एकटी कोणतीही पुरी नाही.

अध्यापनात याचा उपयोग अगदी साध्या रीतीने करता येतो. ज्या ठिकाणी मराठीस ‘-ऊ’च चालते आणि ‘-आयला’ चालत नाही किंवा अर्थ पालटतो, तेथे इंग्रजीत बहुधा ‘टू’ येत नाही : ‘जाऊ शकतो’, ‘जाऊ नये’, ‘जाऊ दे’. जेथे ‘-आयला’ चालते तेथे बहुधा ‘टू’ येतो : ‘जायला निघाला’, ‘जायला तयार’, ‘जायला लागला’. ‘इच्छिणे’ आणि ‘लावणे’ हे यास ठळक अपवाद आहेत, आणि ‘जाताना पाहिले’ या अर्थीची इंग्रजी रचना स्वतंत्रपणे सांगावी लागते. परंतु इतके थोडे अपवाद लक्षात ठेवणे हे निराधार यादी पाठ करण्याहून पुष्कळ सोपे आहे. परभणीच्या वर्गात मात्र ही कसोटी लावण्यापूर्वी ‘जायलाय’ आणि ‘जायला’ यांतील भेद फळ्यावर मांडून घ्यावा.

महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकवला जात आहे. आता ती भाषा गंगाखेडच्या आणि जिंतूरच्या मुलासही बालवयातच भेटते. आणि ज्याच्या घरी ती कोणी बोलत नाही, त्याचा सारा आधार शाळेतील अर्ध्या तासावर असतो. त्या अर्ध्या तासात त्याच्या मातृभाषेला अडथळा मानावयाचे की साधन, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. ‘खाऊ दे’ आणि ‘खायला दे’ यांतील अंतर जाणणाऱ्या मुलास इंग्रजी तुमन्ताचे मर्म अर्धे अगोदरच ठाऊक असते. ते त्यास ठाऊक आहे, हे त्याला दाखवून देणे एवढेच अध्यापकाचे पहिले काम होय.